फळीला कोण सांगणार

नत्थुजी सुताराला कमलाकांतराव वकिलांच्या अंगणात काम लागलं ते दिवाळीनंतर, आणि संपायचं होतं नाताळाच्या सुट्टीच्या आत. होळी तोंडावर आली तरी नत्थुजी तिथंच. काम अवघड होतं म्हणून नाही. अहो, साधं लिहायचं टेबल. त्यात अवघड ते काय असणार? अवघड होते ते वकील.

कोर्टात हा माणूस एकदा बोलला की बोलला. समोरचा साक्षीदार जरा अडखळला की त्याची मान यांच्या हातात. अमरावतीत पक्षकार त्यांच्या ओट्यावर सकाळपासून दाटीवाटीनं बसलेले असायचे. पण घरात चार फळ्या आल्या आणि समोर सुतार बसला, की वकिलांची पार दाणादाण. आज टेबल म्हणायचे, उद्या टेबलाला कप्पे, परवा कप्पे नकोत, आणि तेरवा टेबलच कशाला हवं म्हणून सुपारी कातरत विचार करत बसायचे. बरं, रागवावं तर माणूस गोड. चहा स्वतः आणून द्यायचे. गोड माणसाशी भांडताही येत नाही, हीच तर मेख असते.

त्या काळी वऱ्हाडात मोठं काम असलं की सुतार मालकाच्या अंगणात येऊन बसायचा. लाकूड मालकाचं, हत्यारं सुताराची. पण नत्थुजीची एक रीत होती, ती त्याच्या बापाची. लाकडाला पहिली करवत लावायच्या आधी त्याला हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा, आणि तळहात ठेवून मोठ्यानं सांगायचं की बाबा, तू आता अमुक होणार. एवढं झाड कापून आणलं, त्याचं पुढं काय होणार हे निदान त्याला माहीत तरी असावं, असं बाप म्हणायचा. एकदा सांगितलं की सांगितलं. आणि मालकाचं मन फिरलंच, तर सुतारानं तोंड घालायचं नाही. ज्याचं मन फिरलं त्यानंच जोडे काढून यायचं, लाकडावर हात ठेवायचा, माफी मागायची आणि नवीन काय ते सांगायचं. तोवर करवत खाली.

वकील पहिल्यांदा खो खो हसले. ते सुधारक. घरात इंग्रजी पेपर यायचा, शिवाशिव त्यांनी कधीच बंद केलेली.

"नत्थुजी, लाकडाला कान असतात का?"

"मले काय मालूम, साहेब," नत्थुजी तंबाखू मळत म्हणाला. "मी आपला बसून राहिलो. तुमचं झालं की सांगा."

आणि बसला. दुपारपर्यंत बसला. शेवटी वकील कोर्टातून आले, जोडे काढले, इकडंतिकडं कोणी बघत नाही ना ते पाहिलं आणि फळीसमोर उभे राहिले. त्याचं असं झालं होतं की एका दाव्यासाठी ते अकोल्याला गेले होते, तिथल्या मित्राकडं त्यांनी काचेचं पुस्तकांचं कपाट पाहिलं, आणि टेबल त्यांच्या मनातून उतरलं. आता फळीशी बोलायचं कसं हे काही त्यांना ठाऊक नव्हतं. जे ठाऊक होतं त्याच भाषेत ते बोलले.

"मागील हुकमात दुरुस्ती करण्यात येत आहे," ते घसा साफ करून म्हणाले. "टेबलाऐवजी कपाट. झालेल्या तसदीबद्दल दिलगीर आहे."

स्वयंपाकघराच्या दारात त्यांची बायको सिंधूताई उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला, पण हसू काही पदरात मावलं नाही.

मग हे चालूच राहिलं. कपाटाच्या फळ्या कापून झाल्या, तोच भातकुलीचा एक पक्षकार ओट्यावर बसून बोलून गेला की वकीलसाहेबांच्या घरात झोपाळा नाही म्हणजे काय. झालं. दर फिरवाफिरवीला एक नारळ फुटायचा. सिंधूताई खोबऱ्याच्या वड्या करून करून थकली. शेजारीपाजारी विचारायचे, तुमच्याकडं रोज काय कार्य असतं हो. ती म्हणायची, आमच्याकडं लाकडाची माफी असते.

सिंधूताई मोकळी बाई. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल ती बोलायची नाही आणि दुसऱ्या कोणाला बोलूही द्यायची नाही. नत्थुजीशी मात्र तिचं जमायचं. जेवायची वेळ झाली की त्याला ताटावर बसवायची आणि बारीकसारीक विचारायची. वच्छलाबद्दल तर रोज विचारायची.

वच्छला म्हणजे नत्थुजीची एकुलती एक लेक. अकोटला दिलेली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आणि नत्थुजीचा जीव टांगणीला लागला होता तो हिच्याच पायी.

कारण आजोळचा पाळणा. पहिल्या लेकराचा पाळणा आईच्या माहेरून द्यायचा असतो, हे काय सांगायला पाहिजे? त्यात आजोळ सुताराचं. आणि विहीण माणिकबाई. वच्छलाच्या लग्नात ही बाई नत्थुजीच्या घरी पाटावर बसली, आणि पाटाचा एक पाय डुगडुगला. आता सुताराच्या घरचं सामान नीट करायला सुताराला वेळ कधी मिळतो? पण माणिकबाईनं ते असं धरून ठेवलं, की तेव्हापासून अकोटात वच्छलाच्या हातून भाकरी जरी करपली, तरी सासू म्हणायची, बापाचा पाट डुगडुगते, लेकीचं काय सांगावं. वच्छला माहेरी आली तेव्हा हसत हसत सांगत होती, पण बापाला लेकीचं असलं हसू कळतं.

म्हणून नत्थुजीनं एक फळी राखून ठेवली होती. धारणीकडचं सागवान, बापानं परतवाड्याच्या बाजारातून आणलेलं, रुंद, बिनगाठीचं. वच्छलाला दिवस राहिल्याचा निरोप आला त्याच दिवशी त्यानं त्या फळीला हळदकुंकू वाहिलं आणि सांगून टाकलं, तू पाळणा.

आणि तीच फळी या शहाण्यानं वकिलांच्या घरी नेऊन ठेवली.

झालं काय, झोपाळ्याला अखंड रुंद फळी लागते, आणि वकिलांच्या फळ्या तर कपाटासाठी कापून ठेवलेल्या. वकिलांनी चहाचा कप हातात दिला आणि म्हणाले, नत्थुजी, तुमच्याकडं आहे म्हणे एक. ती द्या, मी परतवाड्याहून तशीच मागवतो, आठ दिवसांत. सिंधूताईलाही झोपाळा पाहिजे होता, ती काही बोलली नव्हती, पण नत्थुजीनं ताडलं होतं. तो हो म्हणाला. गोदाबाई, म्हणजे नत्थुजीची बायको, नदीवर धुणं घेऊन गेली होती, तेवढ्यात फळी गाडीवर चढवली. आणि फळीची माफी? ती काही त्यानं मागितली नाही. मनाची समजूत घातली, झोपाळा काय अन् पाळणा काय, दोन्ही हलतेच. जगाला नेम शिकवणारा माणूस आपल्या बाबतीत असा सैल पडतो.

परतवाड्याची फळी काही आली नाही. वकिलांना तेवढ्यात नागपूरच्या कोणा बॅरिस्टराचं टेबल दिसलं.

"टेबलच करा," ते एका सकाळी कोर्टाचा कोट चढवत म्हणाले. "ही रुंद फळी वर घ्या. एकसंध टेबल. बस, आता ठरलं."

"मंग सांगा तिले."

"आज माझी साक्षीची केस आहे हो. तुम्हीच सांगा माझ्या वतीनं. मुखत्यारपत्र दिलं असं समजा." आणि गेले.

त्याच दिवशी पहाटे वच्छला बाळंत झाली होती. मुलगी. नत्थुजी तिचं तोंड पाहून तसाच कामावर आला होता. डोळ्यांत झोप, मनात लेकरू, आणि डोक्यात एकच, की बारसं बारा दिवसांवर आलं आणि पाळण्याची एक काडी घरात नाही. वकिलाच्या वतीनं बोलायचं नसतं, हा नेमही त्याला त्या दिवशी आठवला नाही. सिंधूताई हळदकुंकवाचं ताट घेऊन आली. तिनं बातमी ऐकली, खूष झाली, लेकराचं नाक कोणावर गेलं म्हणून विचारलं. मग नत्थुजीनं फळीला कुंकू लावलं, नारळ फोडला, तळहात ठेवला आणि खणखणीत आवाजात सांगितलं.

"तू पाळणा व्हय, माय."

सांगितल्यावर त्याला ऐकू आलं की आपण काय बोललो.

सिंधूताईच्या हातातलं ताट तसंच राहिलं. तिच्या घरात, तिच्या अंगणात, हळदकुंकू वाहून, नारळ फोडून कोणी तरी पाळणा म्हणालं होतं. 

"बाई, चुकलं माह्यं," तो म्हणाला. "माह्या ध्यानात लेक होती."

"असू द्या," ती म्हणाली. ताट खाली ठेवलं आणि आत गेली. 

दुपारी गोदाबाईनं हे ऐकलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारून घेतला. फळी गेली कुठं हेही तिला तेव्हाच कळलं.

"पोरीची फळी वकिलाले देल्ली? अन् वरून त्या माउलीले असं बोलून आले? तुमाले अक्कल हाये का भुसा हाये डोक्यात?"

"मुद्दाम नाई बोललो."

"कोन मानंल?"

कोणीच मानलं नसतं, हे नत्थुजीलाही कळत होतं. आपली फळी सोडवून घ्यायला सुतारानं नाटक केलं, असंच लोक म्हणणार. तो काही जेवला नाही.

संध्याकाळी वकील आले, तेव्हा त्यांना कारकुनापासून मोलकरणीपर्यंत सगळ्यांनी सांगून झालं होतं. ते मोठ्यानं हसले, जरा जास्तच मोठ्यानं. "त्यात काय आहे," ते म्हणाले. "आत्तापर्यंत मी या फळ्यांना चार वेळा सांगितलं, पाचव्यांदा सांगतो. म्हणायचं, तू पाळणा नाहीस, टेबल आहेस. झालं."

जोडे काढले. फळीजवळ गेले. हात ठेवला. आणि दारात सिंधूताई येऊन उभी राहिली.  वकिलांनी तोंड उघडलं, मिटलं. घसा साफ केला. एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा फळीकडं.

"उजेड कमी झालाय," ते म्हणाले. "उद्या बघू."

उद्या कोर्ट होतं. परवा पक्षकार होते. तेरवापासून तर फळीसमोरून जायला नको म्हणून ते मागच्या दारानं जाऊ लागले. इकडं लाकडाला कान नसतात म्हणणारा माणूस, आणि एका फळीसमोरून जायची त्याला चोरी झाली होती. नत्थुजी रोज येऊन बसायचा, तंबाखू मळायचा, आणि घरी गेला की गोदाबाई विचारायची, सांगतलं का त्याईनं. त्याला मान हलवायचाही कंटाळा आला. घरी वच्छला लेकराला जुन्या लुगड्याच्या झोळीत जोजवत होती आणि बापाला काहीच विचारत नव्हती. ते त्याला जास्त लागायचं.

शेवटी अकोटहून निरोप आला, माणिकबाई बारशाला निघाली. सोबत चारचौघी बायका आणतेय, पाळणा पाहायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थुजी मागच्या दारी जाऊन उभा राहिला. वकील तिकडूनच निघत होते, समोरासमोर गाठ पडली.

"साहेब, एक बोलू?"

"बोला."

"त्या फळीले म्या पयलेच सांगतलं होतं. माह्या घरी. पोरीच्या लेकराचा पाळणा म्हनून. तुमी मागतली तवा मी गप बसलो, तिची माफी बी नाई मागतली. म्हनून माह्या तोंडून थेच निंगालं. तुमच्या घरचं काय ध्यानात आनून नाई बोललो, लेकीची आन हाये." तो थांबला. "आता तुमी म्हना टेबल, तं मी आत्ता करवत लावतो. माह्या लेकराचं काय व्हाचं ते होईल. पन म्हनाले तुमी पायजे. मी नाई म्हनू शकत."

 वकिलांनी बॅग भिंतीशी ठेवली, जोडे काढले आणि अंगणात आले. सिंधूताई तुळशीला पाणी घालत होती, तिनं तांब्या तसाच धरला. वकिलांनी फळीवर हात ठेवला. या वेळी त्यांनी घसा साफ केला नाही.

"तुला जे सांगितलंय," ते हळू म्हणाले, "तेच हो."

मग नत्थुजीकडं वळून म्हणाले, "कापा. आणि ही घरी घेऊन जा. तुमचीच आहे."

"घरी कशाला?" सिंधूताई म्हणाली. "इथंच करा की. सगळी हत्यारं इथं, जागा इथं. या अंगणात काही तरी एक पुरं होऊ दे बाई एकदाचं." आणि तांब्यातलं उरलेलं पाणी तुळशीला घालून आत गेली. डोळे पुसले की नाही ते कोणाला दिसलं नाही.

नत्थुजीनं करवत घेतली. त्या अंगणात इतक्या महिन्यांत झालं नव्हतं तेवढं काम त्यानं त्या थोड्या दिवसांत केलं. लाकूड तासायची वाकस चालली, रंधा चालला, अंगणभर भुसा झाला. वकील कोर्टातून आले की भोवती घुटमळायचे. कठडा जरा उंच असता तर, असं त्यांनी एकदा सुरू केलं.

"अहो, आत या," सिंधूताई आतून म्हणाली, आणि ते गेले.

बारशाला माणिकबाई बायका घेऊन आली. आल्या आल्या पाणीही न घेता पाळण्यापाशी गेली. कठड्यावरून बोट फिरवलं, सांधे चाचपले, खाली वाकून पाहिलं, मग हलवायला हात घातला.

"रिकामा नका हालवू, विहीणबाई," गोदाबाई म्हणाली.

माणिकबाईनं हात मागं घेतला. बराच वेळ शोधूनही बोलायला काही सापडेना, तेव्हा म्हणाली, "लाकूड बरं हाय." अकोटात यापेक्षा जास्त कौतुक करायची पद्धत नाही. वच्छलानं बापाकडं पाहिलं, आणि आज ते हसू खरं होतं.

तेवढ्यात वकिलांचा टांगा दारात थांबला. सुताराच्या घरी वकीलसाहेब जोडीनं आले म्हणून सगळी आळी गोळा झाली. सिंधूताईनं लेकराला मांडीवर घेतलं, पाळण्यात निजवलं, दोरी धरून पहिला झोका तिनंच दिला. नाव ठेवलं कुंदा. माणिकबाईचा स्वभाव काही एका पाळण्यानं जाणारा नव्हता. ती म्हणाली, "बाई, तुमाले किती लेकरं?"

 गोदाबाईला वाटलं, या बाईच्या तोंडात तो डुगडुगणारा पाट कोंबावा.

"एक पाळणा सांगून ठेवलाय," सिंधूताई झोका देत म्हणाली. "बघू, लाकूड ऐकतं का."

नत्थुजीनं मान खाली घातली. 

वकिलांचं टेबल त्यानंतर कधी झालंच नाही. कापलेल्या फळ्या गोठ्यात रचून ठेवल्या. ते जमिनीवर बसून, मांडीवर पाट घेऊन दावे लिहायचे, आणि कोणी विचारलं तर म्हणायचे, अजून ठरलं नाही. नत्थुजीला त्यांनी पुन्हा बोलावलं नाही, आणि खरं सांगायचं तर नत्थुजीला जरा चुकल्यासारखं वाटायचं. कुंदा रांगायला लागली, चालायला लागली, पाळणा धुऊनपुसून माळ्यावर गेला.

मग एका सकाळी वकील स्वतः चालत नत्थुजीच्या दारात आले. कोर्टाची वेळ होती, अंगात कोट होता, तरी आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"नत्थुजी, तुमचा तो पाळणा," ते म्हणाले. "मोकळा आहे का?"

रंधा थांबला. नत्थुजीनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं.

"हाये," तो म्हणाला.

"मग मी म्हणत होतो, त्याला वर राघू टांगता येतील का? लाकडाचे. चार." वकील थांबले. "चार कमी दिसतील का? सहा करा. नाही, सहा म्हणजे फार गर्दी. पाचच बरे. मधला मोर केला तर कसं दिसेल?"

आत गोदाबाईनं जात्याचा खुंटा सोडला आणि डोळ्याला पदर लावला. नत्थुजी उठला, कोपऱ्यातून सागाचा एक तुकडा काढला, मांडीवर घेऊन बसला आणि त्यावर तळहात ठेवला.

"तुमी सांगत जा, साहेब," तो म्हणाला. "काय घाई हाये. जितकं बदलाचं तितकं बदला."